खटखट बाहेर, ख्याल आत!

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही ऑनलाइन शॉपिंगवाल्याला विचारा, ‘भिवंडी’ म्हटलं की काय आठवतं? कापड? छे. ट्रॅफिक? तेही नंतर. आधी आठवतो तो ट्रॅकिंगचा मेसेज. ‘आपलं पार्सल भिवंडीला पोचलं आहे.’ माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात गोदामांच्या रांगाच्या रांगा आहेत. तुमचे शूज, तुमचा मिक्सर, तुमच्या भाच्याचं खेळणं, सगळं कधी ना कधी आमच्या गावात मुक्काम करूनच पुढे जातं.

मी भिवंडीचीच. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून आयुष्यातला पहिला ‘सीरियस’ हेडफोन मागवला आणि मंगळवारी तो मेसेज आला, तेव्हा मी ऑफिसात अक्षरशः टाळी वाजवली. घरापासून फक्त पाच किलोमीटर! स्कूटर काढून उचलून आणावा असं वाटत होतं. पण कुरिअरचं गणित वेगळं. माझा हेडफोन बुधवारी ठाण्याला गेला, गुरुवारी आणखी कुठल्याशा हबवर झोपला आणि ठाणे जिल्हा दर्शन आटोपून शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दारात हजर झाला.

शुक्रवारी आला, हे फार महत्त्वाचं. का, ते सांगते.

शुक्रवारचा स्वर्ग

आमच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना आहे. भिवंडीत याचं कुणाला काही वाटत नाही. इथे कारखाने आणि बिऱ्हाडं एकाच गल्लीत, कधी एकाच इमारतीत खाली-वर असतात. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, तिथे आपटतो, परत येतो. एका मागाची ती खटखट, आणि असे चोवीस माग एका शेडमध्ये! पाहुणे आले की पहिल्या रात्री झोपत नाहीत. आम्हाला मात्र माग बंद पडला की जाग येते.

शेजारच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. त्या रात्री मी जेवण आटोपून, खिडकी लावून, नवा कोरा हेडफोन कानावर चढवला आणि कुमार गंधर्व लावले. क्षयाच्या आजाराने कुमारजींचं एक फुफ्फुस निकामी झालं होतं, हे मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे वाचलेलं असतं. त्या रात्री मला ते ऐकू आलं. स्वर सोडण्याआधी ओढलेला छोटासा श्वास, तान अर्ध्यात आवरती घेऊन पुन्हा उचललेली जागा, मागे तंबोऱ्याच्या तारांचं घोंघावणं. हीच रेकॉर्डिंग्ज मी दहा वर्षं दोनशे रुपयांच्या इअरफोनवर ऐकत होते. मग रात्री दोनपर्यंत एकामागून एक. सॉलिड! पैसे वसूल!

शनिवारी सकाळी आठला चहाचा कप घेऊन पुन्हा बसले. हेडफोन चढवला. आणि कानात कुमार गंधर्व अधिक चोवीस माग. आवाज वाढवला. माग तसेच. अजून वाढवला. आता कुमारजी ओरडत होते, मागही ओरडत होते आणि माझं डोकं भणभणत होतं. पंधरा मिनिटांत हेडफोन काढून ठेवला आणि बॉक्सवरचं बारीक अक्षर पहिल्यांदा नीट वाचलं. ओपन-बॅक.

ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हताच. दहा रिव्ह्यू वाचून मी वस्तू निवडली होती. ते दहाही जण बहुधा शांत बंगल्यात राहत असावेत.

लाइट गेली की मैफल

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. मी शाळेत असताना भिवंडीत लोडशेडिंग तासन्‌तास असायचं. २००७ मध्ये वीजवाटपाचं काम टोरंट पॉवरकडे गेलं, त्याच्या आधीची ही गोष्ट. लाइट गेली की सगळ्या गावाचा श्वास अडकल्यासारखा व्हायचा. पंखे बंद, टीव्ही बंद, आणि एकेका गल्लीतले माग धडधडत थांबायचे. मोठी माणसं कपाळाला हात लावायची, कारण थांबलेला माग म्हणजे बुडालेली मजुरी. आणि मी? मी कपाटातून दादाचा वॉकमन काढायचे. दोन पेन्सिल सेल, नारिंगी फोमचे हेडफोन आणि आशाताईंची कॅसेट. सेल उतरत आले की आशाताईंचा आवाज हळूहळू जाड व्हायचा, तरी मी ऐकायचे. त्या फोमच्या खेळण्यावर मला ज्या जागा ऐकू आल्या, त्या पुढे घरच्या टू-इन-वनवर कधी आल्या नाहीत. मला वाटायचं वॉकमन भारी आहे. भारी होती ती लोडशेडिंगची शांतता.

हेडफोन घेताना आपण ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, बेस किती, बॅटरी किती तास, हे सगळं विचारतो. आपण ऐकणार कुठे बसून, हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न तोच हवा.

उघडा की बंद?

घरी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन ही आयडिया मुळात अमेरिकेतल्या जॉन कॉस यांची, १९५८ ची. पुढची दहा वर्षं हेडफोन म्हणजे कानावर घट्ट झाकण असंच होतं. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ आणला आणि पाठीमागचं झाकणच काढून टाकलं. पिवळ्या स्पंजचे पॅड असलेला तो हलका हेडफोन तुफान चालला. त्याचा फंडा असा, की आवाजाची पडद्यामागची लाट बाहेर निघून गेली तर ती कपाच्या आत आपटत बसत नाही. त्यामुळे आवाज मोकळा वाटतो, डोक्याच्या आत कोंडल्यासारखा नाही. ख्याल, ठुमरी, गझल, सरोद, जे जे म्हणून हवेत पसरतं, ते ओपनवरच ऐकावं असं माझं ठाम मत. त्याच घराण्यातला १९९७ चा एचडी ६०० आजही शौकिनांच्या यादीत असतो. जवळजवळ तीस वर्षं एखादं मॉडेल टिकतं, हेच मला त्याचं सर्टिफिकेट वाटतं.

पण जाळीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतो. मग बाहेर यंत्रमाग असो, हायवे असो की शेजारच्यांची सीरियल. शिवाय तुम्ही वन-बीएचकेमध्ये असाल तर तुमची भैरवी शेजारी झोपलेल्या आईला किणकिण, चिरचिर अशी ऐकू येते. माझ्या आईच्या भाषेत ‘रात्रभर झुरळं बोलतात’.

मग नॉइज कॅन्सलिंग घ्यावा का? असे हेडफोन घरोघरी पोचवण्यात मोठा वाटा एका बंगाली बाबूच्या मुलाचा. अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला विमानाने चालले होते. विमानाच्या घरघरीत हेडफोनवरचं संगीत ऐकू येईना, म्हणून तिथेच आकडेमोड करायला बसले. बाहेरच्या लहरीच्या बरोब्बर उलटी लहर कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला आणि आपल्यासारख्यांसाठीचा २००० मध्ये. विमान, एसी, पंखा, लोकलची घरघर अशा खालच्या पट्टीतल्या, एकसारख्या आवाजावर ही जादू मस्त चालते. माग मात्र खट्‌-खट्‌-खट्‌ ठोके मारतो. प्रत्येक ठोका अचानक येतो आणि त्यात वरच्या पट्टीचा आवाज भरपूर असतो. तिथे ही युक्ती निम्म्यावर लटकते. मैत्रिणीचा महागडा कॅन्सलिंगवाला हेडफोन आमच्या घरी लावून बघितला तेव्हा शेडची घरघर गायब झाली आणि उरली स्वच्छ, सुटीसुटी खटखट. ती जास्तच टोचली!

शेवटी कामाला आला तो साधा, जाडजूड क्लोज्ड-बॅक. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घ्या, ऑडिओ-टेक्निकाचा एम ५० एक्स घ्या, सोनीचा १९९१ पासूनचा एमडीआर ७५०६ घ्या. हे सगळे स्टुडिओतले कामगार लोक आहेत. दिसायला फार ग्लॅमरस नाहीत, पण कान झाकण्याचं काम चोख करतात. डीटी ७७० बाहेरचा आवाज साधारण १८ डेसिबलने कमी करतो, असं कंपनीच सांगते. खालच्या घरघरीला कमी, वरच्या खटखटीला जास्त. आमच्या केसमध्ये अगदी हवं तेच.

नेलपेंटचा ठिपका

१८ डेसिबल म्हणजे किती, हे एकदा समजून घ्या. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेच्या ‘नायोश’ संस्थेचा हिशेब असा, की ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. हेच उलटं मोजा. आवाज १८ डेसिबलने खाली आला तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्ट पट वेळ मिळाला. आपल्याला गोंगाटावर मात करायला व्हॉल्यूम वाढवायची सवय असते. बाहेरचा गोंगाट कानापर्यंत कमी पोचला तर व्हॉल्यूमही आपोआप खाली येतो. ऐकणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलला. लहान मुलांसाठी ७५.

माझ्या मते महागाच्या हेडफोनची खरी कमाल हीच. तो मोठ्याने छान वाजतो यात काही विशेष नाही, मोठ्याने सगळंच छान वाटतं. बारीक आवाजातही ज्याच्यावर तंबोरा ऐकू येतो, तबल्याच्या बायाँची मींड कळते, तो घ्या. दुकानात ट्राय करताना सगळे व्हॉल्यूम वाढवून बघतात. तुम्ही कमी करून बघा. अगदी कुजबुजीइतका. जो हेडफोन तेव्हाही रंगत ठेवतो, त्यावर पैसे घाला.

आता घरी व्हॉल्यूम किती ठेवायचा? माझी आयडिया फुकट आहे. एका शुक्रवारी रात्री अकरा वाजता, कारखाना बंद, गल्ली झोपलेली, अशा वेळी मला आरामात वाटेल इतका आवाज लावला आणि अ‍ॅम्पच्या बटणावर जिथे काटा होता तिथे लाल नेलपेंटचा ठिपका ठेवला. हा माझा दांडा, म्हणजे क्रिकेटमधली लाइनच. दिवसा कधीही ठिपक्याच्या पलीकडे जावंसं वाटलं की समजायचं, आपण गाणं ऐकत नाही आहोत, मागांशी भांडतो आहोत. मग एक तर क्लोज्ड घालायचा, नाहीतर सरळ उठून भाजी आणायला जायचं.

(दोन हेडफोनची व्हॉल्यूम वेगवेगळी असते, म्हणून माझे ठिपके दोन आहेत. ओपनचा लाल, क्लोज्डचा गुलाबी.)

लॅमिंग्टन रोड आणि तेल लावलेले केस

ऐकल्याशिवाय हेडफोन घेऊ नका, हे सांगणं सोपं. भिवंडीत ऐकवणार कोण? मी सुट्टी काढून कल्याणपर्यंत शेअर रिक्षा, तिथून लोकल, असं करत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एका दुकानदाराने ‘ओरिजिनलच आहे मॅडम, फक्त बॉक्स नाही’ असं निर्मळ चेहऱ्याने सांगितलं. अर्ध्या किमतीत मिळणारा ‘ओरिजिनल’ हा डुप्लिकेट असतो, हे गृहीत धरूनच चाला. ऐकायला मिळालं नाही तर निदान परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच मागवा आणि पहिल्या आठवड्यात दिवसाउजेडी, सगळ्या गोंगाटात ऐकून बघा. माझ्यासारखं शुक्रवारी रात्री नव्हे.

ऐकायला काय न्यावं? तुमचं पाठ असलेलं गाणं. माझ्याजवळ तीन होती. ‘सैराट’मधलं एक, कारण अजय-अतुल यांनी त्याचा सिंफनी वाद्यमेळ हॉलिवूडमधल्या स्टुडिओत वाजवून घेतला आहे. व्हायोलिनचा ताफा एकच ढग होऊन येतो की त्यात माणसं दिसतात, ते चटकन कळतं. दुसरं लताबाईंचं पन्नासच्या दशकातलं. ती रेकॉर्डिंग्ज मोनो आहेत, त्यामुळे हेडफोनवर आवाज बरोब्बर डोक्याच्या मध्यभागी उभा राहतो. काहींना हे आवडत नाही. मला मात्र बाई माझ्याशीच बोलतात असं वाटतं. तिसरं जुन्या आकाशवाणीच्या धाटणीचं, खरखर असलेलं. कारण चांगला हेडफोन खरखरही चांगली ऐकवतो! वरचा आवाज फार टोकदार असेल तर ‘गीतरामायण’सारख्या जुन्या ध्वनिमुद्रणांत सूर कमी आणि सूं-सूं जास्त, असं होतं. तुमच्या घरात जुनी गाणीच जास्त वाजत असतील तर जरा मऊ स्वभावाचा पीस निवडा.

मग अ‍ॅम्प लागतो का? ओहमचा आकडा बघा. एचडी ६०० हा ३०० ओहमचा. साध्या फोनच्या डोंगलवर तो वाजतो, पण मरगळलेला. त्याला टेबलावरचा छोटा डॅक-अ‍ॅम्प हवा. डीटी ७७० मध्ये ८० ओहमचं मॉडेल मिळतं, ते डोंगलवर बऱ्यापैकी भागवतं. नवशिक्याने ३२ ते ८० च्या आत राहावं, खर्च वाचतो. लॉसलेस संगीत म्हणाल तर अ‍ॅपल म्युझिकने ते २०२१ पासून जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. चांगल्या वायरच्या हेडफोनवर फरक कधी कळतो, कधी नाही. हजारो रुपयांच्या चांदीच्या केबलवर मात्र एकच सल्ला, ते पैसे गाण्यांवर घाला.

आणि आता जे कुठल्याच इंग्रजी रिव्ह्यूमध्ये नसतं ते. चष्म्याची काडी पॅडखाली आली की फट पडते आणि बेस पळून जातो. बारीक काडीचा चष्मा बरा. झुमके काढून ठेवा. केसांना तेल लावलेल्या दिवशी मखमली पॅडवाला हेडफोन अजिबात नाही, पॅड चिकट होऊन वास मारतो. रेग्झिनचे पॅड आपल्या घामाने दोन-तीन वर्षांत सोलतात आणि कानाला काळे कपचे चिकटतात. म्हणून ज्याचे पॅड सुटे मिळतात तोच घ्यायचा. पावसाळ्यात भिवंडीत पापडालाही बुरशी धरते, तिथे मखमल काय चीज! डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या शूजबरोबर येतात त्याच. वजनही बघा. एचडी ६०० जेमतेम पाव किलोच्या वर आहे. काही प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोन आवाजाला राजे असतात, पण अर्धा किलोच्या पुढे जातात. उन्हाळ्यातल्या एका ख्यालानंतर मान विचारते, संपलं का?

तबलजी आला नाही का?

मी सांगते आहे तो सगळा डेसिबलचा हिशेब मला हेडफोनच्या नादात कळला नाही. बाबांमुळे कळला.

बाबा एकतीस वर्षं एका कारखान्यात मेहता होते. हिशेब, हजेरी, तागे मोजणं. त्यांचं टेबल शेडच्याच कोपऱ्यात होतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद-शंभर डेसिबलच्या घरात असतो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे, आणि पाळी बारा तासांची. कानात कापूस घालायचे, तोही कधीतरी. कारखान्यात कुणी बोलत नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडतात, नाहीतर हातवारे. भिवंडीला भारताचं मँचेस्टर म्हणतात ना, त्या खऱ्या मँचेस्टरजवळच्या लँकेशायरमध्येही गिरणीच्या बायकांनी ओठ वाचून बोलायची अख्खी भाषाच तयार केली होती. बाबाही माझे ओठ बघतात, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ते रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. तोपर्यंत त्यांचं एकच म्हणणं, ‘अगं, तू पुटपुटतेस फार.’

एका शुक्रवारी मी माझा ओपन हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला. नाट्यसंगीताचे शौकीन माणूस. डोळे मिटून ऐकत राहिले. तंबोरा, पेटी, गाणं. मान डोलत होती. दोन-तीन मिनिटांनी एक कप बाजूला करून मला म्हणाले, ‘तबलजी आला नाही का आज?’

तबला वाजत होता. चांगला जोरात वाजत होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बीप ऐकायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम. बाबांचा आलेख खालच्या पट्टीत बरा होता आणि चार हजार हर्ट्‌झजवळ विहिरीत पडल्यासारखा खाली. गोंगाटाने जातो तो कान आधी तिथेच जातो, असं ऑडिओलॉजिस्टने समजावलं. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्या पट्टीत काय असतं? स, श, ट, च अशी व्यंजनं. आणि तबल्याच्या किनारीवरचा टणत्कार. म्हणून त्यांना आमचं बोलणं ऐकू येत होतं पण कळत नव्हतं, आणि पेटी येत होती, तबला येत नव्हता.

माझीही टेस्ट करून घेतली. नॉर्मल. पण डाव्या कानाला त्याच चार हजारजवळ किंचितशी घसरण होती. नॉर्मलच्या आत, पण होती. डॉक्टर काही बोलले नाहीत, मला ते पुरे झालं. नेलपेंटचा ठिपका त्यानंतरचा आहे.

तुम्ही पंधरा-वीस हजारांचा हेडफोन घेत असाल तर त्याआधी ही टेस्ट करून घ्या, माझा आग्रह आहे. हेडफोनच्या किमतीच्या मानाने खर्च किरकोळ. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आपण हेडफोनचा बघतो, कानाचा बघत नाही! गंमत म्हणजे सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा धंदा २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा कंपनीकडे गेला, आणि सोनोव्हाचा मुख्य धंदा हिअरिंग एडचा.

बाबांनाही हिअरिंग एड घेतलं. पहिले सहा महिने ते टेबलाच्या खणात राहिलं. आता घालतात, पण बोलण्यासाठी. गाण्यासाठी आमची वेगळी सोय आहे. फोनमधल्या इक्वलायझरमध्ये चार हजारची पट्टी पाच डेसिबल वर आणि बाकीचा आवाज खाली. डॉक्टरांना विचारूनच केलं. हा काही इलाज नव्हे, आणि गेलेलं परत येत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. एकूण आवाज वाढवायचा नाही, हेही.

पहिल्यांदा हे सेटिंग लावलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. पाच-सहा मिनिटांनी उजव्या हाताचं बोट मांडीवर पडायला लागलं. सम आली तिथे बरोबर. मला विचारलं, ‘हा कोण वाजवतोय?’ मी कव्हर बघून नाव सांगितलं. ‘बरा आहे,’ म्हणाले. बाबांच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे पद्मश्री.

आता शुक्रवारची रात्र त्यांची आणि शनिवार-रविवारच्या दुपारा माझ्या, क्लोज्ड हेडफोनमध्ये. फक्त एक भांडण चालू आहे. ऐकून झालं की ते तीन मीटरची केबल कांडीवर सूत भरल्यासारखी घट्ट गुंडाळून ठेवतात, अगदी एकावर एक वेढे. अशाने आतली तार तुटते, सैल गोल करून ठेवायची, हे मी दहा वेळा सांगितलं. ऐकू येत नाही म्हणतात.